मुंगीचं विरजण

मुंगीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजर नसायचा. भिंतीपलीकडे आधी नळ वाजायचा, मग स्टोव्ह, मग जिन्यावर पावलं. पहिली बस पाचला. संस्थेच्या प्रयोगशाळेत पोलादी भांडं एकच आणि ते मागणारे तिघं, त्यात मुंगीची पाळी सकाळी सहाची. उशीर झाला तर दुसरा टपलेलाच असायचा. तिला उशीर झाल्याचं मी ऐकलं नाही.

मुंगी म्हणजे माझी पुतणी. लहानपणी ती स्वतःपेक्षा मोठी वस्तू उचलायला जायची. बादली, गादीची वळकटी, एकदा तर बापाची सायकल. म्हणून हे नाव मीच ठेवलं आणि ते चिकटलं. माझा भाऊ, तिचा बाप, ती चौथीत असताना गेला. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या वहिनीनं, लाँड्रीत उभ्यानं इस्त्री करून तिला शिकवलं. त्यांच्या दोन खोल्या, माझ्या दोन, मधे एक भिंत. त्या भिंतीतून जे ऐकलं आणि डोळ्यांनी जे पाहिलं तेवढंच लिहितो.

मी सिलिंडर भरायच्या कारखान्यात होतो. कार्बन डायऑक्साइड भरायचो. सोडावॉटरवाले न्यायचे, आग विझवायची नळकांडी करणारे न्यायचे. त्या गॅसजवळ आयुष्य काढलेल्या माणसाला त्याचं कौतुक नसतं. त्याला रंग नाही. खड्ड्यात साचतो, आणि खाली उतरलेला माणूस हाक न मारता पडतो. त्यामुळे मुंगीनं जेव्हा सांगितलं की ती याच गॅसचं प्लास्टिक करणार आहे आणि त्यावर डॉक्टर ही पदवी मिळते, तेव्हा मला वाटलं थट्टा करतेय.

"धुराड्यांतून फुकट बाहेर जातो काका. तो पकडायचा आणि कामाला लावायचा. वर ते प्लास्टिक असं करायचं की काम झालं की कुजून जाईल."

"फुकट म्हणू नकोस. त्याच्यापायी माझी कंबर गेली."

वहिनी भांडी पुसत होती. ती म्हणाली, "कुजायचंच आहे तर करायचं कशाला?"

"आई, सगळंच कुजतं."

"ते मला नको सांगू. तोंड उघडलं की दिसतंय."

वहिनीचे पुढचे दात तेव्हा गेले होते, मागचे जायच्या वाटेवर होते. हसताना पदर तोंडाशी न्यायची सवय तिला लागली होती. मुंगीला शिष्यवृत्ती मिळायची. ती त्याला पगार म्हणायची. तो महिनोन्‌महिने यायचा नाही आणि मग एकदम यायचा. त्यातला एक वाटा ती बाजूला ठेवायची, आईच्या कवळीसाठी. चांगली कवळी, जी बोलताना सुटत नाही. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि वहिनी त्यावर चेष्टा करायची की कवळी येईपर्यंत तोंडच राहणार नाही.

काम काय होतं ते मला समजलं तसं सांगतो. हा गॅस आळशी आहे. कुणाशी जोडला जात नाही. त्याला एका उग्र वासाच्या पातळ द्रवाबरोबर जाड भांड्यात कोंडायचं, दाब द्यायचा, बेतानं ऊब द्यायची आणि ढवळत ठेवायचं. तरीही काही होत नाही. चिमूटभर एक पूड घातली तरच दोघे कडी घालून कडी अशी साखळी धरतात, आणि संध्याकाळी द्रव मधासारखा घट्ट होतो. ते प्लास्टिक. पुडीला त्यांच्यात उत्प्रेरक म्हणतात. वहिनीसाठी मुंगीनं सोपं केलं होतं. "दूध तेच, ऊबही तीच, पण विरजण लागतंच ना? तसं. माझं काम विरजणाचं."

चांगलं विरजण जगाला आधीच माहीत होतं. मुंगीच्या आधी त्याच प्रयोगशाळेत एक जण ते वापरायचा. त्यात कोबाल्ट नावाचा धातू होता, पूड गडद तपकिरी. त्याच्या बोटांवर कायम डाग, म्हणून त्याला सगळे तपकिऱ्या म्हणायचे. तो डॉक्टर होऊन परदेशी गेला. पण तो धातू महाग आणि विषारी. प्लास्टिक कुजलं की मातीत तोच उरणार. मग चांगलं काय केलं? म्हणून मुंगीच्या मॅडमनी तिला जस्ताचं विरजण शोधायला लावलं. स्वस्त, पांढरं, निरुपद्रवी. ते चाललं तर मुंगी डॉक्टर, नाही तर नाही. सगळं एवढ्यावर होतं.

घाम आला म्हणजे काम झालं, असं मानणारी माणसं मी कारखान्यात पुष्कळ पाहिली. मुंगी त्यातली नव्हती. भांड्याचं झाकण बोल्टांनी आवळायचं असतं. ती समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळायची, गोल फिरत जायची नाही. सोपं आहे, सगळ्यांना शिकवलेलं असतं, आणि घाईत दहातले आठ जण तसं करत नाहीत. पाणी हा त्या कामाचा वैरी. हवेतला दमटपणाही चालत नाही. म्हणून ती भांडं तापवून, आतली हवा पंपानं ओढून, आणखी एकदा तापवायची. बाकीचे एकदाच तापवायचे.

दुसऱ्या वर्षी तिला यश आलं. एका संध्याकाळी ती घरी आली ती पिशवी छातीशी धरून. आत काचेच्या दोन तुकड्यांमध्ये एक पातळ, पारदर्शक पट्टी होती. तळहाताएवढी. वाकवली की वाकायची, सोडली की सरळ व्हायची.

"यातला जवळजवळ अर्धा भाग गॅस आहे," ती म्हणाली.

मी हातात घेऊन पाहिली. जो गॅस मी आयुष्यभर बाटलीत कोंडला, तो मला पहिल्यांदा दिसला.  मी ती पुन्हा एकदा वाकवून सोडली.

वहिनी म्हणाली, "हे कशाला वापरायचं?"

"अजून कशालाच नाही. हा नमुना."

"मग दे इकडे." स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेला एक फुटका कोपरा होता. वहिनीनं पट्टी तिथे डकवून टाकली. मुंगी हसून लोळली. पुढे कुणी पाहुणं आलं की वहिनी खिडकीकडे बोट करायची. "आमच्या लेकीनं इतकी वर्षं शिकून ठिगळ लावलंय." तिचा अभिमान असाच असायचा, बोचरा. उन्हाळ्यात पट्टी मऊ पडायची आणि पोट सुटल्यासारखी फुगायची. तरी पडली नाही.

तसं प्लास्टिक मुंगीनं पाच-सहा वेळा काढलं. मॅडमनी लेख लिहिला, खाली दोघींची नावं, तो परदेशी मासिकात छापून आला. पत्रं येऊ लागली. मॅडमना मोठा प्रकल्प मिळाला. मुंगीला त्यांनी सांगितलं, आता हेच मोठ्या प्रमाणात करून दाखव, की पदवी तुझी.

मोठं काम सुरू करायचं म्हणून मुंगीनं भांडं उघडलं ते सांध्यासांध्यापर्यंत. प्रत्येक नळी सुटी केली, आम्लानं धुतली, वाळवली. झाकणावर दाब दाखवणारं गेज होतं, एका वाकड्या बारीक नळीच्या टोकाला. त्याचा काटा जरा अडखळायचा. ते नळीसकट काढून खणात टाकलं आणि नवं बसवलं. आल्यावर मला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "असं काम पाहिजे." मनापासून म्हणालो.

त्यानंतर प्लास्टिक आलं नाही.

पहिल्यांदा आलं नाही तेव्हा ती म्हणाली, पाणी शिरलं असेल. भांडं तीनदा तापवलं. दुसऱ्यांदा, गॅस ओला असेल. गॅस सुकवायची नळी नवी भरली. मग द्रव बदलला. मग पूड पुन्हा केली, पहिल्यापासून, स्वतःच्या हातानं, कारण मदतनीसावर भरवसा नको. ऊब वाढवली, कमी केली. दरवेळी संध्याकाळी भांडं उघडायचं आणि आत सकाळी घातलेला द्रव तसाच, पाण्यासारखा. कधी तळाशी थोडं चिकट काही, बोटाला लागायचं आणि पुसलं की जायचं.

असं दीड वर्ष चाललं. मी हे वाक्य लिहितो आणि ते फार लहान वाटतं. रोज पहाटे नळ, स्टोव्ह, जिना. रोज अंधार पडल्यावर जिना, आणि पावलांवरून मला भिंतीपलीकडून कळायचं की आजही पातळच. आधी ती जेवताना आईला सगळं सांगायची. मग थोडं सांगायची. मग नुसतं "नाही" म्हणायची. मग वहिनीनं विचारणं सोडलं.

एकदा मी म्हणालो, "दोन दिवस सुट्टी घे. शरीर आहे."

"भांडं दुसऱ्याला जाईल, काका."

"जाऊ दे की."

"आधी येत होतं ना. मग आता का येत नाही? मीच काहीतरी वाईट करतेय. काहीतरी मी तेव्हा नीट करत होते आणि आता करत नाही."

 घाणीनं काम बिघडतं हे शेंबडं पोरही सांगेल. ती म्हणूनच दर खेपेला जास्त घासत होती. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते, लाँड्रीत वहिनीचे व्हायचे तसे.

मग एक सुट्टीचा दिवस आला, संस्थेला कुलूप होतं. मुंगी बऱ्याच दिवसांनी उजेडात घरी होती. एरवी ती अंधारात जायची आणि अंधारात यायची. ती स्वयंपाकघरात चहा घेऊन उभी होती, मी दारात पेपर वाचत होतो. खिडकीतून ऊन आलं होतं आणि ठिगळातून जाऊन समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पडलं होतं. मुंगी भिंतीकडे पाहत होती. ऊन तिथे किंचित रंगीत होतं. कोरा चहा फार पातळ केला तर होईल तसं.

"आई, ही पट्टी आधीपासून अशीच आहे?"

"अशीच म्हणजे?"

"पिवळट."

"तू आणलीस तेव्हापासून. तूच म्हणाली होतीस, जरा जास्त तापली."

मुंगी खाली बसली. कप तिनं जमिनीवर ठेवला. म्हणाली, "नंतर मी याच्यापेक्षा कितीतरी जास्त तापवलंय. रंग कधीच आला नाही." मग माझ्याकडे पाहिलं. "काका, मी सांगायचे ती तपकिऱ्याची बोटं आठवतात?"

मला कळलं नाही. तिनं सांगितलं. हा रंग तपकिऱ्याच्या पुडीचा असणार, तो त्याच भांड्यात काम करायचा. त्याची पूड वाफेबरोबर त्या वाकड्या नळीत चढून बसली असणार, जिथे ब्रश पोचत नाही. मुंगीच्या वेळी द्रव तापला की वाफ वर जायची, नळीत थंड व्हायची आणि त्यातलं कणभर घेऊन खाली ठिबकायची. कोबाल्ट कणभरही पुरतो. गेज बदललं, त्या दिवशी ते थांबलं.

वहिनी ऐकत होती. "म्हणजे भांड्याला जुनं दही चिकटलं होतं," ती म्हणाली. "तू घातलेलं विरजण नव्हतंच लागत."

"हो आई."

"आणि तू भांडं घासलंस."

"हो."

वहिनीनं पदर तोंडाशी नेला. हसत नव्हती.

खात्री करायचा एकच मार्ग होता. जुनं गेज पुन्हा बसवायचं आणि भांड्यात विरजण घालायचंच नाही. दाबाचं काम एकट्यानं करायचं नाही असा तिथला नियम, आणि बरोबरचे गावाला गेलेले. मॅडमना फोन करून तिनं मला बरोबर नेण्याची परवानगी घेतली. मागच्या फाटकाचा पहारेकरी मला ओळखत होता, मी तिथे सिलिंडर उतरवलेले होते. तो म्हणाला, "तुम्ही अजून जिवंत?" मी म्हणालो, "सिलिंडरचं वजन तपासायला आलोय." त्यानं आत सोडलं.

खोली लांबट होती, एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला जाड काच. खण उघडून तिनं जुनं गेज काढलं. फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं, टाकून दिलं नव्हतं. बसवलं. भांडं तापवलं, हवा ओढली, द्रव घातला. पुडीची बाटली तिनं कपाटातून काढलीच नाही. गॅस सोडला. सिलिंडरची चावी फिरवताना माझा हात आपोआप पुढे गेला, तिनं फिरवू दिली. मग आम्ही काचेच्या अलीकडे स्टुलांवर बसलो. दिवसभर ढवळण्याचा आवाज येत होता.  दुपारी डबा उघडला आणि दोघांनीही तो तसाच बंद केला.

एवढी वर्षं तिनं रोज एकच मागणं मागितलं, घट्ट निघू दे. त्या दिवशी आम्ही दोघं तिथे पातळ निघावं म्हणून बसलो होतो. पातळ निघालं तर तिचा संशय खोटा. मग जस्ताला अजून आशा होती.

ऊन कलल्यावर तिनं गॅस सोडून दिला. बोल्ट काढले, समोरासमोरचे, थोडे थोडे. झाकण उचललं. ढवळणीच्या पात्यावरून एक तार खाली आली आणि तुटली नाही. लोंबत राहिली.

"छान आलंय," मुंगी म्हणाली.

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तिनं भांडं पुसलं, गेज काढून फडक्यात गुंडाळलं, दिवे मालवले. बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून होती. मला वाटलं झोपली. उतरायच्या आधी म्हणाली, "तेव्हा मी त्यात खडू घातला असता तरी प्लास्टिक आलं असतं, काका."

तिनं तोच प्रयोग आणखी एकदा केला आणि मग मॅडमकडे गेली. तिथे काय झालं ते तिनं घरी सांगितलं. मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनीही वर्षंच्या वर्षं त्याच खोलीत काढली होती.  त्या म्हणाल्या, "रिकाम्या भांड्यात काहीतरी घट्ट झालं, एवढ्यावर मी छापलेला लेख मागे घेऊ?"

"दोनदा झालं, मॅडम."

"धातू आहे असं तू म्हणतेस. मोजून दाखव, मग मागे घेते."

कणाएवढा धातू मोजायचं यंत्र संस्थेत होतं, पण बंद पडलेलं. बाहेरच्या प्रयोगशाळेत मोजून मिळतं, ते फार महाग. प्रकल्पाचे पैसे यासाठी देता येणार नाहीत, असं मॅडम म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "तुझी मुदत संपत आलीय. पहिल्या नमुन्यांवर प्रबंध लिही. त्यात काही खोटं नाही. त्या दिवशी तसं घडलंच होतं. पुढचं पुढचा कुणीतरी बघेल."

ती कुणालाही न सांगता तसं करू शकत होती. मी, वहिनी आणि मॅडम सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्यापाशी येऊन बसली. "काका, तुम्ही काय केलं असतं?"

"मी सिलिंडर भरायचो. वजन काट्यावर दिसायचं. मला असला प्रश्न कधी पडला नाही."

"एखादं कमी भरलेलं पुढे ढकललं नाहीत?"

"नाही. पण त्यात शौर्य नव्हतं. परत आलं असतं तर मलाच उचलावं लागलं असतं."

ती थोडी हसली. मग म्हणाली, "माझ्यानंतरचा पोरगा लेख वाचून जस्त घेईल. स्वच्छ भांड्यात. त्याचीही चार वर्षं." आणि उठून पलीकडे गेली.

भिंतीतून मी पुढचं ऐकलं. पैसे कुठले ते सांगावं लागलं नाही. बाजूला ठेवलेले एकच पैसे होते.

"स्वतःच्या गळ्याचा दोर आणायलाही पैसे पडतात का गं?" वहिनी म्हणाली.

मग वहिनीनंच विचारलं.

"सगळे?"

"जवळजवळ."

"आणि नाही मोजलंस तर डॉक्टर?"

"हो."

मग भांडं खरवडल्याचा आवाज आला. "घे," वहिनी म्हणाली. "दातांचं काय. मला कुठे कुणाला चावायचंय." मग आवाज चढला. "पण मला समजावून सांगू नकोस. चांगलं केलं असं माझ्याकडून वदवून घेऊ नकोस. मी लाँड्रीत उभं राहून इस्त्री केली ती काय यासाठी?" हे ती रडत म्हणत होती. दात नसलेल्या माणसाचं रडणं वेगळं ऐकू येतं. मी रेडिओ लावला.

खिडकीतल्या पट्टीचा अर्धा भाग मुंगीनं कापून पाठवला, बरोबर ती वाकडी नळी. दोन्हींत कोबाल्ट निघाला. मॅडमनी लेख मागे घेतला, शब्द पाळला. प्रकल्प गेला. मुंगीनं मुदतवाढ मागितली, ती मिळाली नाही. नव्या विषयाला लागणारी वर्षं तिच्याकडे नव्हती. तपकिऱ्याला तिनं कळवलं होतं, त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं की त्यानं भांडं धुऊन दिलं होतं. धुतलंच असेल. सगळे धुतात.

आता ती डब्यांच्या झाकणांना आतून रंग देणाऱ्या कारखान्यात आहे. रंग नीट वाळला का ते नखानं ओढून बघायचं. आठला निघते. मला अजून साडेचारला जाग येते, आणि पलीकडे काही वाजत नाही. त्या कामाबद्दल ती बोलत नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "झाकणं आहेत, काका."

खिडकीत अर्धं ठिगळ उरलंय. उरलेल्या भोकात वहिनीनं चिंधी कोंबली आहे. वहिनी पाव चहात बुडवून खाते आणि पाहुण्यांना खिडकी दाखवत नाही. मुंगीच्या चार वर्षांच्या पगारातून दात यायचे होते. ते पैसे त्या चाचणीला गेले.